टिश्यू कल्चरने खजुराची रोपं: पिल्लू सोलण्यापासून शेतात लागणीपर्यंत

खजुराची बी पेरली की रोप येतं. ते नर आहे की मादी, हे मात्र पाच-सहा वर्षांनी पहिला फुलोरा येईपर्यंत कळत नाही. खजुरात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासूनची साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि उरलेल्या माद्यांचं फळ आईच्या फळासारखं असेलच असं नाही. कच्छमध्ये बागा पिढ्यान्‌पिढ्या बियांपासूनच वाढल्या, त्यामुळे तिथे शेजारच्या दोन झाडांची खारीकही रंगाला, चवीला, आकाराला वेगळी सापडते. नवा वाण निवडणाऱ्या संशोधकासाठी ही पर्वणी. एकसारखा माल मागणाऱ्या व्यापाऱ्यासाठी डोकेदुखी.

खात्रीचा जुना मार्ग पिल्लांचा. मादी झाडाच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती आईची हुबेहूब नक्कल असतात. पण एक झाड पहिल्या दहा-पंधरा वर्षांत दहा-वीस पिल्लं देतं आणि मग थांबतं. १९२७ मध्ये मोरोक्कोतून अमेरिकेत मेडजूल वाणाची ११ पिल्लं नेली. मोरोक्कोत बायूड नावाच्या मर रोगाने बागा उठत होत्या, म्हणून ती पिल्लं आधी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात वेगळी ठेवून वाढवली. त्यातली ९ जगली. त्यांची पिल्लं शेतकऱ्यांच्या हाती पडायला १९४४ उजाडलं. शिवाय पिल्लाबरोबर कीडही प्रवास करते. कोकणात नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा आखाती देशांत खजुराचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे, आणि तो दूरदूर पसरला तो बहुतांशी पिल्लांच्या वाहतुकीतून.

म्हणून टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत, निर्जंतुक वातावरणात रोपं वाढवणं. संयुक्त अरब अमिरातींतल्या अल ऐनच्या विद्यापीठात १९८९ पासून खजुराची प्रयोगशाळा आहे. सौदी, मोरोक्को, इंग्लंड इथल्या प्रयोगशाळांनी लाखोंनी रोपं काढली. आपल्याकडे जोधपूरला राजस्थान सरकार आणि गुजरातच्या अतुल कंपनीचा संयुक्त प्रकल्प आहे, आणंद कृषी विद्यापीठानेही या कामाची पद्धत बसवली आहे. सोलापूर, सांगली, मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात आज जी पिवळ्या बारही वाणाची झाडं दिसतात, ती बहुतेक अशाच रोपांची.

हा लेख लॅबमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. रोपं विकत घेणाऱ्यांनाही शेवटचा भाग उपयोगी पडेल, पण त्यांनी मधला वगळू नये. रोपाची किंमत एवढी का, आणि फसगत कुठे होते, ते मधल्या भागातच आहे.

आधी केळी

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर म्हटलं की केळी डोळ्यांसमोर येते. केळीच्या कंदातला कोंब काढला, पोषकद्रव्यांच्या जेलीवर, म्हणजे माध्यमावर, ठेवला, की तो फुटवे देतो. फुटवे वेगळे करा, पुन्हा ठेवा. वर्षभरात रोपं शेतात जातात. खजूर तसा वागत नाही. पिल्लू कापल्यापासून शेतात लावण्याजोगं रोप मिळेपर्यंत तीन ते पाच वर्षं धरा. पहिले सहा-आठ महिने तर बाटलीत काही घडतंय की नाही असाच प्रश्न पडतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: हात केळीवर बसवा. लॅमिनारसमोर (जंतू गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर) बसून दिवसभरात शे-दोनशे बाटल्या हाताळता आल्या आणि त्यांत बुरशीचं प्रमाण शेकडा दोन-तीनच्या आत राहिलं, की खजुराकडे वळा. लॅबचा खर्च केळीने भागवायचा आणि एका कोपऱ्यात खजूर वाढवायचा, ही व्यवस्था नवख्या उद्योजकालाही परवडते. नुसत्या खजुरावर लॅब उघडणाऱ्याने पहिल्या विक्रीपर्यंत पगार कशातून द्यायचे, हे आधी कागदावर मांडून पाहावं.

पायरी १: आई निवडा

पुढच्या सगळ्या वर्षांचं भवितव्य इथे ठरतं, आणि नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते. बाटलीत बुरशी आली तर आठवड्यात दिसते. माध्यम चुकलं तर महिन्या-दोन महिन्यांत कळतं. आई चुकीची निवडली, तर ते रोप शेतात जाऊन फळाला येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कुणालाच कळत नाही.

मदर प्लँट फळावर असताना स्वतः पाहिलेलं हवं, शक्यतो सलग दोन-तीन हंगाम. घड किती, फळाचं वजन, चव, पिकण्याची वेळ, घडाचा दांडा फळाचं वजन पेलतो का, पानांवर रोगाच्या खुणा आहेत का, हे सगळं नोंदवा. ते झाड मुळात टिश्यू कल्चरचं असेल तर शक्यतो टाळा. पिल्लापासून वाढलेलं, वाण खात्रीचा असलेलं झाड उत्तम. झाडाला क्रमांक द्या, फोटो ठेवा, जागेची नोंद करा.

वाण कोणता, याचं उत्तर हवामान देतं. बारही हा मूळचा इराकमधल्या बसऱ्याचा वाण. तो पिवळा, कडक, कच्चा असतानाच गोड लागतो. तुरटपणा जवळजवळ नसतो. आपल्याकडे फळ पिकायच्या दिवसांतच पावसाळा सुरू होतो आणि झाडावर खजूर मऊ होईपर्यंत थांबलं तर माल सडतो. म्हणून कच्छपासून सोलापूरपर्यंत बारहीची मागणी. मेडजूल नावाने मोहात पाडतो, पण तो झाडावर पूर्ण पिकवावा लागतो. भर पावसात ते कसं साधणार?

पायरी २: पिल्लू आणा, सोला

दोन-तीन वर्षांचं, साधारण तीन ते सात किलोंचं पिल्लू घ्या. फार मोठ्याची गरज नाही. कामाचा भाग आत बोटभरच असतो. कोरड्या हवेत, म्हणजे हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढलेलं पिल्लू बरं. पावसाळी पिल्लात ओलाव्याबरोबर जंतूही खोलवर गेलेले असतात. बुंध्याजवळची माती उकरून, पहार आणि छिन्नीने आईशी असलेला जोड नेमका तोडायचा. पिल्लाचा गाभा फुटता कामा नये.

लॅबच्या बाहेर, नळाखाली धुवून मग सोलायला घ्या. बाहेरची पानं आणि त्यांच्या बुडाशी असलेला तंतूंचा जाळीदार वेढा धारदार सुरीने एकेक करून, बाहेरून आत, काढत जा. घाईने दोन-तीन पानं एकदम ओढली तर शेंडा मोडतो आणि अख्खं पिल्लू वाया जातं. शेवटी पांढरा, कोवळा, निमुळता गाभा उरतो, साधारण आठ-दहा सेंटिमीटर लांब. (चवीला गोडसर असतो. अरबस्तानात तो आवडीने खातात, तेव्हा नवशिक्या मदतनिसांवर लक्ष ठेवा.)

गाभा उघडा पडला की तो काळा पडायला लागतो. खजुराच्या पेशींत फिनॉल गटातली द्रव्यं भरपूर असतात. कापलेल्या जागी हवा लागली की ती तपकिरी होतात आणि पेशी मारतात. कापलेलं वांगं ज्या कारणाने काळं पडतं तेच कारण इथे, फक्त नुकसान कितीतरी मोठं. त्यावर पहिला उपाय म्हणजे लिटरभर थंड, निर्जंतुक पाण्यात १५० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल आणि १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घालून गाभा त्यात बुडवून ठेवणं. द्रावण रोज ताजं करा. सोलल्यापासून माध्यमावर ठेवेपर्यंत गाभा कोरडा उघड्यावर पडता कामा नये.

पायरी ३: निर्जंतुक करा

बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात गाभा थोडा वेळ ठेवून धुवा. मग सोडियम हायपोक्लोराइटचं एक ते दीड टक्क्याचं द्रावण, त्यात ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचे दोन-चार थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटं हलवत राहणं. ट्वीनमुळे द्रावण पानांच्या बेचक्यांत शिरतं. बाजारातलं ब्लीच वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते ठेवून ठेवून कमजोर होतं. वर्षभर पडलेल्या कॅनवरचा आकडा खरा धरू नका. यानंतरचं सगळं काम लॅमिनारमध्ये. निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं, आणखी एक-दोन पानांचे थर काढणं, पुन्हा निम्म्या ताकदीच्या हायपोक्लोराइटमध्ये पाच-दहा मिनिटं, पुन्हा तीनदा धुणं.

अनेक जुन्या पद्धतींत मर्क्युरिक क्लोराइड सांगितलेलं असतं. काम ते करतं, पण ते पाऱ्याचं विष आहे आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतता येत नाही. विल्हेवाटीची सोय नसलेल्या लॅबने त्याच्या वाटेला जाऊ नये. लॅमिनारमध्ये स्पिरिट आणि ज्योत जवळजवळ असतात हेही विसरू नका. हाताला लावलेलं स्पिरिट वाळल्याशिवाय चिमटा तापवायचा नाही. शक्य असेल तर काचमण्यांचं विजेवरचं स्टरिलायझर घ्या.

आता गाभ्याचे तुकडे करा. अगदी आतला शेंडा, त्याच्या भोवतालच्या कोवळ्या पानांचे बुडखे आणि त्यांच्या बेचक्यांतले कोंब या तिन्हींपासून वाढ मिळते. शेंड्याचे उभे चार किंवा आठ भाग करतात. बाकीचे तुकडे सेंटिमीटरभराचे. प्रत्येक तुकडा वेगळ्या नळीत किंवा बाटलीत. चार तुकडे एकत्र ठेवले आणि एकाला जंतू निघाले, तर चारही गेले.

पायरी ४: माध्यम

पाया मुराशिगे आणि स्कूग यांच्या १९६२ च्या माध्यमाचा. ते एमएस नावाने तयार भुकटीत मिळतं, लिटरला साधारण ४.४ ग्रॅम. त्यात साखर ३० ग्रॅम, आणि माध्यम गोठवायला अगार ७ ग्रॅम. यात हार्मोन कोणते आणि किती, यावर खजुराचा रस्ता ठरतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी कृषी विभागातल्या ब्रेंट टिसेराट यांनी जी पद्धत मांडली, तिच्या आधारावर आजही नवखा माणूस सुरुवात करू शकतो: लिटरला १०० मिलिग्रॅम टू-फोर-डी आणि ३ मिलिग्रॅम टू-आयपी हे दोन हार्मोन, आणि ३ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे खास शोषक कोळसा.

शंभर मिलिग्रॅम टू-फोर-डी वाचून शेतकरी दचकेल. ज्वारी-उसात रुंद पानांचं तण मारायला आपण जे फवारतो तेच हे द्रव्य (अर्थात लॅबसाठी शुद्ध प्रतीचं घ्यायचं, दुकानातला डबा नव्हे). मात्रा एवढी का, याचं उत्तर चारकोलमध्ये आहे. कोळसा तपकिरी फिनॉल शोषतो, म्हणून तो हवा. पण तो हार्मोनही शोषतो. शंभरातला बराच भाग कोळसा गिळतो आणि पेशींपर्यंत थोडाच पोचतो. त्यामुळे या दोन आकड्यांपैकी एकच बदलू नका. चारकोल कमी करून टू-फोर-डी तेवढंच ठेवलंत तर तुकडे मरतील. चारकोलचा ब्रँड बदलला तरी आधी थोड्याच बाटल्यांवर चाचणी घ्या.

टू-फोर-डी पाण्यात सहज विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत किंवा थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घाला. पीएच ५.७ ते ५.८ करा. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या कुकरमध्ये, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने, १५ ते २० मिनिटं. पीएच खाली गेला किंवा माध्यम जास्त वेळ शिजलं तर अगार घट्ट होत नाही. चारकोल तळाशी बसतो, म्हणून माध्यम गोठायला लागेपर्यंत बाटल्या अधूनमधून हलवत राहा.

चारकोलच्या माध्यमाची एक खोड आहे. ते काळंभोर असतं, त्यामुळे त्यातले जिवाणू दिसत नाहीत. बुरशी पांढऱ्या कापसासारखी वर येते आणि ओळखू येते. काही जिवाणू मात्र खजुराच्या पेशींच्या आतच राहणारे असतात आणि महिन्यांनंतर डोकं वर काढतात. दर वेळी माध्यम बदलताना काही तुकड्यांचा तळ बिनकोळशाच्या माध्यमावर टेकवून पाहण्याची सवय लावून घ्या.

पायरी ५: अंधारातले महिने

बाटल्या २५ ते २७ अंशांवर, पूर्ण अंधारात. दर चार ते आठ आठवड्यांनी ताज्या माध्यमावर. तुकडा खूप तपकिरी पडत असेल तर सुरुवातीला दोन आठवड्यांनीही बदला. पहिल्या महिन्यात तुकडे फुगतात, पांढरट होतात. मग बरेच दिवस काही नाही. सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास कडांवर पेशींचे पुंजके, म्हणजे कॅलस, दिसू लागतात.

सगळं कॅलस कामाचं नसतं. पाणीदार, अर्धपारदर्शक, स्पंजासारखं कॅलस जोरात वाढतं आणि नवख्याला आनंद होतो. त्यातून सहसा काही निघत नाही. हवं ते कॅलस पांढरट-पिवळसर, दाणेदार, चिमट्याने सहज सुटणारं असतं आणि सावकाश वाढतं. ते डोळ्यांनी ओळखता यायला लागलं की या कामाचा निम्मा भाग शिकलात. चांगलं तेवढंच पुढे न्या आणि बाकीचं टाका. टाकताना हात आखडू नका.

लेबलचा विषय इथेच घेतो. प्रत्येक बाटलीवर वाण, मदर झाडाचा क्रमांक, पिल्लाचा क्रमांक, तुकड्याची ओळ (एका मूळ तुकड्यापासून वाढलेलं सगळं म्हणजे एक ओळ) आणि कितवा माध्यम-बदल हे पाचही असलंच पाहिजे: बारही, १४, २, क, ५. मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते, म्हणून चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहा. लेबल हरवलेली बाटली कितीही सुंदर असली तरी विक्रीच्या साखळीतून बाहेर.

पायरी ६: भ्रूण

दाणेदार कॅलस कमी हार्मोनच्या, आणि पुढे बिनहार्मोनच्या माध्यमावर नेलं की दोन-तीन महिन्यांत त्यावर पांढरे, लांबट कण उभे राहतात. हे कायिक भ्रूण. बीजातला भ्रूण परागीकरणातून होतो, हा आईच्याच पेशीतून. तो रुजतोही बीजासारखाच: आधी मूळ खाली जातं, आणि पहिलं पान मागाहून आवरणाच्या चिरेतून वर येतं. मूळ आलं, पान नाही, म्हणून बाटली टाकून देऊ नका. उजेडात नेल्यावर पुष्कळदा पान येतं.

भ्रूणांचे पुंजके फोडून पुन्हा ठेवले की ते वाढतात, आणि मोह इथेच पडतो. एका चांगल्या ओळीतून हजारो भ्रूण मिळतात. मग नवीन पिल्लू कोण सोलणार? याच मोहाचं फळ पुढे शेतात दिसतं. कॅलसच्या मार्गाने, जास्त हार्मोनवर, वर्षानुवर्षं वाढवत नेलेल्या पेशींत बदल साठत जातात. बारहीत हे ठळकपणे घडलेलं आहे. टिश्यू कल्चरची काही झाडं खुजी राहिली. काहींच्या फुलांत तीनऐवजी जास्त स्त्रीकेसर आले, परागण करूनही फळधारणा नीट झाली नाही आणि घडावर बिनबियांची बारीक फळं धरली. वय वाढलं तसं काही झाडं सुधारली, काही नाही. शेतकऱ्याने तोवर पाणी, खत, मजुरी घातलेली होती.

पाम तेलाच्या झाडातही १९८० च्या दशकात असाच घोळ झाला होता. त्याचं मूळ २०१५ मध्ये मलेशियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं: डीएनएची अक्षरं बदललेली नव्हती, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा पुसल्या गेल्या होत्या. म्हणूनच ‘आमच्या रोपांची डीएनए चाचणी झाली आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. नेहमीच्या मार्कर चाचण्या, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक खुणा जुळवणाऱ्या चाचण्या, वाण तोच आहे का ते सांगतात. असा बदल त्यांच्या हाती लागेलच असं नाही.

उपाय एकच, आणि कंटाळवाणा. एका ओळीचे जास्तीत जास्त किती माध्यम-बदल करायचे आणि तिच्यातून किती रोपं काढायची, ही मर्यादा काम सुरू होण्याआधी लिहून ठेवा. ती गाठली की ओळ बंद करा आणि नव्या पिल्लापासून सुरुवात करा. प्रत्येक ओळीतली काही रोपं स्वतःच्या शेतात लावून फळापर्यंत पाहा. बाटलीतच पांढऱ्या पट्ट्यांची, विचित्र रुंद पानांची, शेंडा नसलेली रोपं दिसली तर ती काढून टाका.

दुसरे दोन रस्ते

मोरोक्कोतल्या प्रयोगशाळांनी कॅलस टाळणारा मार्ग धरला. कोवळ्या पानांच्या बुडाशी थेट कोंब फोडायचे, हार्मोन अगदी कमी, लिटरला एक ते पाच मिलिग्रॅमच्या घरात. कोंब येण्यात वर्ष सहज जातं, वाढीचा वेगही कमी, आणि प्रत्येक वाणाला माध्यम पुन्हा बसवावं लागतं. पण वाण बिघडण्याचा धोका बराच कमी. ज्याला घाई नाही आणि नाव टिकवायचं आहे, त्याने मी तरी हाच मार्ग निवडावा म्हणेन.

तिसरा रस्ता फुलोऱ्याचा. पोयीच्या आत मिटलेला अगदी कोवळा फुलोरा घेतात. तो बंद असल्यामुळे आतून बराचसा निर्जंतुक असतो आणि फिनॉलचा त्रासही कमी. सिंधमधल्या खैरपूरच्या शाह अब्दुल लतीफ विद्यापीठात या पद्धतीवर बरंच काम झालं. तिचा मोठा फायदा कच्छसारख्या ठिकाणी आहे: बियांपासून आलेलं एखादं अप्रतिम जुनं झाड, ज्याला आता पिल्लंच येत नाहीत, त्याची नक्कल करायला फुलोरा हाच मार्ग उरतो.

पायरी ७: मुळं, मग बाहेरची हवा

रुजलेली रोपं निम्म्या ताकदीच्या एमएसवर, लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम एनएए हे मुळांसाठीचं हार्मोन घालून, सोळा तास उजेडात ठेवा. खजुराचं मूळ सरळ खाली धावतं, म्हणून उंच नळ्या वापरा. बुटक्या बाटलीत ते गुंडाळी करून बसतं. रोपं काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ दिसू लागली तर बाटलीत ओल जास्त आहे. अगार वाढवा, झाकण थोडं हवेशीर करा.

दोन-तीन पानं, दहा-पंधरा सेंटिमीटर उंची, दोन-तीन चांगली मुळं आणि बुडाशी कांद्यासारखा फुगीरपणा आला की रोप बाहेर काढण्याजोगं झालं. हा फुगीरपणा पाहा, नुसती उंची नाही. बारीक बुडाची उंच रोपं बाहेर आली की आठवड्यात माना टाकतात. अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवून काढा, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी येते. बुरशीनाशकात बुडवून कोकोपीट आणि परलाइट किंवा जाड वाळूच्या मिश्रणात, खोल पिशवीत किंवा कपात लावा.

पहिले तीन-चार आठवडे प्लॅस्टिकच्या बोगद्यात आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर ठेवा. बाटलीत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जवळजवळ नसतो, रंध्रं नीट मिटत नाहीत. मग बोगदा रोज थोडा जास्त वेळ उघडा. पाणी बेताचं घाला. या टप्प्यावर रोपं तहानेपेक्षा कूज लागून जास्त मरतात, आणि शेंड्यात साचलेलं पाणी सर्वांत वाईट. तीनेक महिन्यांनी मोठ्या पिशवीत, शेडनेटखाली. तिथे आणखी आठ ते बारा महिने, कधी जास्त.

शेतात कधी न्यायचं, ते रोप स्वतः दाखवतं. सुरुवातीची पानं अखंड, पट्टीसारखी असतात. नंतर खऱ्या खजुरासारखी, पिसांगत चिरलेली पानं येतात. अशी तीन-चार पानं आली की रोप शेतासाठी तयार.

लागण आणि खरेदी

अंतर आठ बाय आठ मीटर, म्हणजे हेक्टरी १५६, एकरी साठेक झाडं. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. भर उन्हाळा आणि कडाक्याची थंडी टाळा. बुडाचा फुगीर भाग मातीच्या पातळीवर ठेवा. शेंडा मातीत गेला किंवा आळ्यातलं पाणी शेंड्यावरून वाहिलं की रोप गेलं. पहिलं वर्ष सावली द्या, पाणी ठिबकने. रानडुकरं, साळिंदर यांपासून कुंपण हवं. नीट वाढलेल्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिला फुलोरा येतो.

टिश्यू कल्चरचं रोप तीन-चार हजार रुपयांच्या घरात जातं, तेव्हा विकणाऱ्याला चार प्रश्न विचारायला संकोच नको. मदर झाड कुठलं? ही रोपं कोणत्या ओळीतली, आणि ती ओळ फळावर आलेली बाग बघायला मिळेल का? लॅबला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या टिश्यू कल्चर प्रमाणन योजनेची मान्यता आहे का? ही योजना २००६ पासून आहे. परदेशातली रोपं असतील तर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखालचे आयात कागद दाखवता येतील का? आणि फुलं विकृत आली, झाड नर निघालं, तर बदलून मिळेल का, हे पावतीवर लिहून घ्या. पिसासारखी पानं न फुटलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

नर झाडांचं काय, हे बरेच जण मादी रोपं लावून झाल्यावर विचारतात. शंभर माद्यांमागे तीन ते पाच नर ठेवा आणि तेही खात्रीचे, उदाहरणार्थ घनामी हा नर वाण. टिश्यू कल्चरचे नरही मिळतात. वाऱ्यावर विसंबू नका, परागण हाताने करावं लागतं. नराचा फुलोरा मादीच्या आधी किंवा बरोबर यायला हवा. उशिरा येत असेल तर पहिल्या वर्षी शेजारच्या बागेतून पराग आणा, आणि पुढच्या हंगामासाठी तो वाळवून, हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा.